कष्टाची भाकर, पुणे: चव ४ स्टार, दर ५ स्टार

हमाल पंचायत म्हणजे पुण्यातल्या हमालांची संघटना, तिची ही खानावळ. एसी, मेन्यूकार्ड, सेल्फी पॉइंट शोधणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. भाकरी तव्यावरची गरम, पापुद्रा टम्म फुगलेला, झुणका कोरडाही नाही नि पातळही नाही, सोबत कांदा, बास. माझ्या बाजूला एक हमाल भाकरी चुरून त्यावर कालवण ओतून काला करून ओरपत होते, मी पण तसंच केलं, चमचा मागायचा विसरूनच गेलो.

दर परवडतात कारण सत्तरच्या दशकात हे सुरू झालं तेच ना नफा ना तोटा म्हणून. बाबा आढाव नाना पेठेतले डॉक्टर, समाजवादी, पन्नासच्या दशकात त्यांनी पाठीवर पोती वाहणाऱ्यांची ही पंचायत बांधली, पुढे १९६९ ला माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा कायदा आला. आपल्याकडे लोकशाही समाजवाद म्हटलं की लोकांना फुटत फुटत संपलेले पक्षच आठवतात, पण तो खरा बघायचा तर या कायद्यात बघा. हमालाला कायम मालक नाही, तरी व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्के रक्कम, माथाडी मंडळात भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना, आणि मंडळावर सरकार, मालक, कामगार तिघंही. अर्थात माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही निघालेच, आणि लेव्ही बुडवणारे व्यापारीही आहेत, म्हणून कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी मोर्चे, धरणी चालूच.

आता सरकारी झुणका-भाकर आठवा, १९९५ च्या शिवसेना-भाजप युती सरकारची, १ रुपयात. आयडिया चांगलीच होती हो, पण खाणाऱ्यांची संघटना मागे नव्हती, अनुदान आटलं तशी केंद्रं बंद पडली, काही स्टॉलवर तर दुसरेच धंदे सुरू झाले आणि खाणाऱ्यांनी साधा मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही. २०२० ची शिवभोजन थाळी १० रुपयात, तिथेपण केंद्रचालकांची थकलेल्या बिलांची ओरड पेपरात येतेच. इथे मात्र खाणारे आणि चालवणारे एकाच पंचायतीचे, त्यामुळे सरकार बदललं म्हणून चूल विझत नाही.

एक स्टार चवीत कापला तो झुणका मला अजून झणझणीत हवा होता म्हणून, बाकी माझी आवड. जेवणाच्या ऐन गर्दीच्या आधी जा आणि खाऊन झालं की गप्पा मारत जागा अडवू नका, मागे उभ्या माणसाला परत पोती उचलायला जायचंय.