गरम होणाऱ्या पाकिटांची एजन्सी घेण्याआधी हे वाचा

साताऱ्यात आमचं ट्रेकिंगच्या सामानाचं छोटं दुकान आहे. वासोटा किल्ल्यावर निघालेली पोरं जाता जाता टॉर्च, रेनकोट, सुका खाऊ घेतात. बामणोलीहून लाँचने पलीकडे गेलं की कोयना अभयारण्य लागतं, तिथे जाळ करायला बंदी. त्यामुळे विनाजाळ गरम होणारं जेवण मिळेल का, असं गिऱ्हाईक कायम विचारतं. हीच गरज हेरून एक जण आमच्याकडे आला. तोच माल घेऊन तो जिल्ह्यात अजून फिरतोय असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

त्याने बॅगेतून पाण्यासारखं द्रव भरलेली एक पारदर्शक पिशवी काढली. आत नाण्याएवढी धातूची चकती. "वहिनी, हात पुढे करा," म्हणत पिशवी माझ्या तळव्यावर ठेवली आणि चकती दाबली. टक् झालं, चकतीपासून पांढरे स्फटिक पसरत गेले आणि बघता बघता अख्खी पिशवी घट्ट आणि गरम झाली. थर्मामीटर लावला तर आकडा पन्नाशीच्या थोडा वर जाऊन तिथेच थांबला. "बघा, टेंपरेचर कंट्रोल! हेच आमचं पेटंट. जेवणाच्या पाकिटातही हेच आहे, सत्तरच्या वर जाणारच नाही." जेवणाचं पाकीट मात्र त्याने फक्त मोबाईलवरच्या व्हिडिओत दाखवलं. ह्यांनी एक फोडून दाखवा म्हटलं, तर सॅम्पल संपलंय म्हणाला.

तालुक्याच्या एजन्सीचं डिपॉझिट आणि पहिल्या लॉटचे पूर्ण पैसे आगाऊ घेतले. बिलावर एक नाव, पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्याच नावाचं. पेटंटचा कागद म्हणून जी झेरॉक्स दिली ती ट्रेडमार्कसाठी केलेल्या अर्जाची पोच होती. असा अर्ज कुणीही करू शकतो, त्यावरून माल चालतो की नाही हे काहीच ठरत नाही.

लॉट आला. पाकीट म्हणजे झाकणाचा डबा. प्रत्येक डब्याच्या तळाशी करड्या-पांढऱ्या भुकटीची पुडी, वर छापलेलं वजन 60 ग्रॅम. बऱ्याच पुड्या फुगलेल्या होत्या आणि काट्यावर 70 च्या पुढे भरत होत्या. त्यातली एक पाण्यात टाकली, तर पाणी जेमतेम कोमट झालं. मग दुकानातल्या मुलाने न फुगलेली पुडी घेतली. पाणी पडताच वाफ उसळली, झाकण उडालं आणि त्याच्या मनगटावर टरारून फोड आले. लगेच नळाखाली हात धरून मग डॉक्टरांकडे नेलं. जखम भरली, पण डाग अजून आहे. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

आमच्या आळीत केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांनी पुडी उघडून पाहिली आणि सगळा उलगडा झाला. मला दाखवलेल्या पिशवीत सोडियम अ‍ॅसिटेट होतं. ते विरघळलेल्या अवस्थेत थंड होऊनही द्रवच राहतं आणि चकती दाबली की गोठायला लागतं. त्याचा गोठणबिंदू 58 अंशांच्या आसपास, त्यामुळे त्याच्या वर ते जाऊच शकत नाही. तिथे तापमान खरोखरच बांधलेलं असतं. पण ती पिशवी हात-पाय शेकायला चांगली, जेवण 70 अंशांपर्यंत नेणं तिच्याच्याने होणार नाही.

पुडीत होता कळीचा चुना आणि त्यात थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड. चुना आणि पाणी यांच्या क्रियेत 1 ग्रॅम चुन्यामागे साधारण 1.1 किलोज्यूल उष्णता निघते. 300 ग्रॅम पुलाव 25 वरून 70 अंशांवर न्यायला 50 किलोज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे 60 ग्रॅम चुना हिशोबाने पुरतो, पण तो कोरडा असेल तरच. आपल्याकडच्या पावसाळी हवेतला दमट वारा पुडीत शिरला की चुना आतल्या आत विरतो, म्हणजे पाण्याशी त्याची क्रिया आधीच होऊन जाते. 56 ग्रॅम चुना पूर्ण विरला की 74 ग्रॅम होतो. म्हणून फुगलेली पुडी जड आणि म्हणूनच ती मेलेली.

ताजी पुडी स्वतःहून 70 वर थांबतच नाही. पाणी आहे तोवर ती 100 पर्यंत जाते आणि पाणी आटलं की त्याही वर. चांगले उत्पादक दाण्याचा आकार, चुन्याचं वजन, पाण्याचं माप आणि वाफ जायची वाट हे सगळं जुळवून जेवणाचं तापमान आवाक्यात ठेवतात. आमच्या डब्यांच्या झाकणाला वाफ जायला साधं भोकही नव्हतं. शिवाय विरलेल्या चुन्यात अ‍ॅल्युमिनियम आलं की हायड्रोजन सुटतो. तंबूत, पेटत्या मेणबत्तीशेजारी कुणी असा डबा उघडला असता तर काय झालं असतं, या विचाराने अजून झोप उडते.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार होता, पण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक धरला जात नाही असं वकिलांनी सांगितलं. म्हणून पैसे देण्याआधीच जीएसटी नंबर आणि जेवणाचा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर सरकारी पोर्टलवर तपासा. जो लॉट मिळणार त्यातलंच पाकीट आपल्या हाताने उचला, वजन करा आणि आपल्यासमोर फोडायला लावा.

ज्यांच्याकडे हा माल पडून आहे त्यांनी तो घंटागाडीत टाकू नका. ओल्या कचऱ्यात पुडी फुटली तर सफाई कामगारांचे हात भाजतील. उघड्यावर, जाळापासून लांब, डोळ्यांना चष्मा लावून, बादलीभर पाण्यात चमचा-चमचा भुकटी सोडा. भुकटीवर पाणी ओतू नका. डोळ्यात गेलीच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा.