बाथरूमचा पांढरा थर: अ‍ॅसिडवाले की लिंबूसत्ववाले?

मराठवाड्यात बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळावर आणि टाइल्सवर क्षाराचा थर बसतोच. सफाईला माणसं बोलावताना पर्याय दोन.

अ‍ॅसिडवाल्यांचं, म्हणजे तीव्र अ‍ॅसिड वापरणाऱ्यांचं, काम झटपट होतं, पैसेही कमी लागतात. पण वाफ घशात जाते, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट झिजतं, नळाची चकाकी जाते.

लिंबूसत्ववाले, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडवाले, 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम विरघळवतात, त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून 20 मिनिटं ठेवतात, मग घासतात. थर जुना असेल तर दोनदा करावं लागतं. वेळ जातो, तरी घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर हेच बोलवा.

शहाबादी, कडप्पा आणि संगमरवरावर मात्र दोन्ही नकोत. हे दगड आम्लात विरघळतात, फरशी कायमची खरबरीत होते. तिथे सौम्य साबणाचं पाणी पुरे. ब्लीच तर दोन्हींत कधीच मिसळू देऊ नका; विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कूलरच्या खोलीतली बुरशी यातल्या कुणाच्याच हाती नाही. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवली नाही तर ओल साचून ती परत येते.