डिपॉझिटसाठी वकील लागतो का? एका सल्ल्याचा अनुभव

घर सोडल्यावर मालकांनी रंगकाम, साफसफाई आणि ‘इतर दुरुस्ती’ असं सांगून अर्ध्याहून जास्त डिपॉझिट कापलं. बिलं मागितली तर फोन उचलणंच बंद. म्हणून एका वकीलबाईंकडे फक्त सल्ल्यासाठी गेले. हा अनुभव त्या सल्ल्याचा.

बाईंनी केस घ्यायची अजिबात घाई केली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. हातात पेन्सिल घेऊन त्यांनी करार पहिल्या ओळीपासून वाचला आणि डिपॉझिटच्या कलमापाशी थांबल्या. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ या शब्दांखाली रेघ मारली. रंग फिका पडला ती झीज, प्लास्टर उखडलं ते नुकसान. मालकाला भरपाई मागता येते ती नुकसानीची. मग विचारलं, राहायला आलात तेव्हाचे फोटो आहेत? चावी दिल्याची पोच? दोन्ही होतं. ‘‘मग मला कशाला फी देताय? पत्र तुम्हीच लिहा,’’ असं सरळ म्हणाल्या.

पत्र कसं लिहायचं तेही सांगितलं. घर सोडल्याची तारीख, दिलेली रक्कम, कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल दाखवण्याची मागणी, उत्तरासाठी मुदत. राग कितीही आला तरी एकही वाकडा शब्द नको, कारण प्रकरण पुढे गेलं तर हेच पत्र न्यायाधीशांसमोर जाणार. पोच मिळेल अशाच मार्गाने पाठवायचं. मी तसंच केलं आणि रंगकामाचे पैसे परत आले. साफसफाईचे मात्र अजून अडकलेत, पाठपुरावा चालू आहे.

वकिलाविना दाद मागायची सोय काही ठिकाणी कायद्यातच आहे. कॅलिफोर्नियात छोट्या दाव्यांच्या कोर्टात सहसा वकील उभाच राहू शकत नाही. इंग्लंडमध्ये डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं आणि वाद तिथेच विनाशुल्क सोडवून घेता येतो.

पण मालकाने उलट दावा ठोकला, थकीत भाड्याचा आरोप केला किंवा करार फक्त तोंडी असेल, तर वकील कराच. तिथे स्वतः लढणं महागात पडू शकतं.

तक्रार एकच: भेटीची वेळ मिळायला फार थांबावं लागलं, आणि दाव्याची मुदत तोवर थांबत नाही. त्यामुळे वेळ लवकर मागा, फी आधी विचारा, आणि जाताना करार, फोटो, पैसे दिल्याच्या नोंदी तारखेनुसार लावून न्या.