वर्षभर वापरलेली एलईडी माळ: उजेड झकास, डबी डोक्याला ताप

"वहिनी, लायटिंगला कुठं गॅरंटी असती व्हय?" दुकानदार असं म्हणाला तेव्हा खोकं त्याच्यापुढं धरलं. '1 वर्ष वॉरंटी' ठळक छापलंय, ते काय शोभेला? माळ बदलून मिळाली, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत आवाज चढवल्यावरच.

माळ तुम्हाला माहीत असलेलीच. 10 मीटर, वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरी), आठ मोडवाली, म्हणजे उजेडाचे आठ प्रकार. गेल्या नाताळाला गॅलरीच्या कठड्याला बांधली ती काढलीच नाही. पावसाळ्यात टोकाकडचा तुकडा गेला. पांढऱ्या एलईडीला 3 व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून 230 वर चालवायला कित्येक एलईडी एका ओळीत जोडलेले असतात. एकाचा पाय गंजून तुटला की ती अख्खी ओळ अंधारात. उघड्यावर ठेवायची असेल तर आयपी (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) 65 बघून घ्या. आयपी 44 शिंतोड्यांपुरतं.

पण माझं खरं भांडण डबीशी, म्हणजे मोड बदलायचं बटण असलेल्या वायरवरच्या डबीशी. तिला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. स्थिर उजेड आठव्या मोडवर. लाइट जाऊन आली की स्वारी परत पहिल्यावर, म्हणजे सगळे प्रकार आलटून पालटून. मग स्टुलावर चढा आणि सात वेळा बटण दाबा. आमच्या विश्रामबागेत लाइट अर्ध्या मिनिटासाठी गेली तरी हेच. सासूबाईंना त्या लुकलुकीनं गरगरतं, त्या पडदा ओढून बसतात.

यावर उपाय म्हणून टायमर आणला. सहाला चालू, अकराला बंद. टायमर करतो काय, तर वीजच तोडतो! रोज सहाच्या ठोक्याला गॅलरीत नाच सुरू. तो टायमर आता डासांच्या मशीनला लावलाय, पैसे तरी वसूल होऊ देत. डबी कापून वायर थेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरात येणाऱ्या एसी विजेचं डीसी तीच करते.

लेक म्हणतो, लुकलुक ही परंपराच आहे. 1882 साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कच्या घरी नाताळच्या झाडावर 80 लाल-पांढरे-निळे विजेचे दिवे लावले, झाड फिरायचं आणि दिवे उघडमीट करायचे. असेल. त्याच्या सासूबाईंचं काय म्हणणं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दोनच तारे देणार होते. मग बिलाचा हिशेब मांडला आणि जरा निवळले. 6 वॅट, रोज 5 तास, 30 दिवस: 0.9 युनिट. पूर्वी नाताळच्या कागदी चांदणीत 60 वॅटचा पिवळा बल्ब असायचा, तो तेवढ्याच वेळात 9 युनिट खायचा, वर कागद करपवायचा. आता चांदणीतही एलईडीच आहे. शिवाय जे दिवे शाबूत होते त्यांचा उजेड वर्षभरात उतरलेला नाही. क्रीम भिंतीवर वॉर्म व्हाइट खुलून दिसतो; समोरच्यांची कूल व्हाइट गॅलरी दवाखान्यासारखी दिसते. चर्चच्या मंडळीतली पोरं कॅरल म्हणत आली की आधी आमच्याच दारात थांबतात. (करंज्यांमुळेही असेल.)

बांधताना खिळे, स्टेपल नकोत, वायर सोलते. केबल टाय सैलसर आवळा, डबी आणि प्लग घराच्या आत ठेवा.

तर तीन तारे. पुढची माळ घेताना दुकानातच लावायला सांगणार, आठव्यावर नेणार, पिन काढून परत घालणार. नाचली तर राहू दे म्हणावं तिथंच.