‘४८ कामकाजाचे तास’: आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा दहा महिन्यांचा अनुभव

‘आपल्या शंकेचं उत्तर ४८ कामकाजाच्या तासांत मिळेल.’ ऑगस्टमध्ये माझ्या ऑनलाइन डिप्लोमाच्या माहितीत ही ओळ वाचली तेव्हा मी सरळ दोन दिवस असा अर्थ घेतला. कुणीही घेईल. ऑक्टोबरमध्ये हेल्पलाइनवरच्या मुलाने फोड करून सांगितली: ताई, कामकाजाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे ४८ तास म्हणजे सहा दिवस, तेही रविवार आणि सुट्ट्या सोडून. मध्ये दिवाळी आली. माझ्या शंकेचं उत्तर यायला अकरा दिवस लागले. एका सत्राचा कोर्स सगळा मिळून छप्पन दिवसांचा.

परभणी जिल्ह्यातल्या सेलू-मानवतच्या तीन-चार जणींनी ‘घेऊ का ॲडमिशन?’ असं विचारलं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण आठ आठवड्यांत विषय संपवायचा हा पॅटर्न आता बऱ्याच ठिकाणी आहे आणि मला जे सांगायचं ते पॅटर्नबद्दल आहे. पीजी डिप्लोमा, आठ विषय, प्रत्येकी चार क्रेडिट. आठ आठवड्यांचं एक सत्र, त्यात दोन विषय संपवायचे, अंतर्गत ३० गुण आणि परीक्षा ७० ची. फी ४२,००० रुपये, म्हणजे विषयामागे ५,२५०. मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघते. बीकॉम मुक्त विद्यापीठातून केलं, रविवारी अभ्यासकेंद्रात जाऊन. त्यामुळे नोकरी करून शिकणं मला नवीन नाही. आठ आठवड्यांचा वेग मात्र नवीन होता.

पहिल्या सत्रात मी खूश होते, हे आधी सांगते. व्यवस्थापनाची तत्त्वं आणि अर्थशास्त्र हे दोन विषय. दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ, सेलूच्या घरी रात्री मोबाइलवरही नीट चालणारे. सहा महिने विषय लांबवत बसायची गरज नाही, दोन महिन्यांत निकाल हातात. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी साडेचार तारे दिले असते, आणि दोघींना तसं सांगितलंही. त्यांची मी इथे माफी मागते, कारण ते दोन विषय वाचून होण्यासारखे होते. त्यावरून पॅटर्न कळत नाही.

दुसरं सत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचं: संख्याशास्त्र आणि वित्तीय लेखा. लेखा माझा रोजचाच. संख्याशास्त्र मात्र बारावीनंतर बघितलंच नव्हतं. आणि हेच दोन महिने आमच्याकडे कापसाच्या आवकेचे. सकाळपासून गाड्यांची रांग, काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), शेतकऱ्यांचे हिशेब, घरी यायला रात्रीचे साडेआठ-नऊ.

तिसऱ्या आठवड्यात मी अडले. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते, काढताना एका उदाहरणात एकूण संख्येने भागलं होतं, दुसऱ्यात संख्येतून एक वजा करून. पाच आकडे असतील तर एकदा पाचने, एकदा चारने. का? व्हिडिओत एवढंच होतं की नमुना असेल, म्हणजे सगळ्यांतले थोडेच आकडे घेतले असतील, तर एक वजा करायचा. मला ‘का’ हवं होतं. चर्चामंचावर शंका टाकली. त्याच आठवड्याची क्विझ रविवारी रात्री ११:५९ ला बंद झाली आणि वीसपैकी चार प्रश्न याच एका गोष्टीवर होते. अकराव्या दिवशी उत्तर आलं: ‘कृपया व्हिडिओ ३.४ पाहावा.’ शंका त्याच व्हिडिओतून आली होती.

यावर मी वाजवीपेक्षा जास्त लिहिते आहे असं काहींना वाटेल. चार गुणांचा प्रश्न होता, मान्य. पण ऑनलाइन कोर्सला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जे चार भाग सांगितले आहेत, म्हणजे व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच, त्यातल्या चर्चामंचापाशीच तेवढं पलीकडे माणूस असतं. कोर्स सोळा आठवड्यांचा असेल तर सहा दिवस थांबणं परवडतं, पुढचा भाग सुरू व्हायच्या आत उत्तर येतं. आठ आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी नवा धडा उघडतो आणि तो आधीच्या धड्यावर उभा असतो. अभ्यासक्रमाचा वेग दुप्पट केला, तर शंकेच्या उत्तराचा वेगही दुप्पट पाहिजे. इथे विद्यार्थ्याला घाई आणि विद्यापीठाला सवड, असा कारभार होता.

आता तासांचा हिशेब. ॲडमिशनच्या वेळी काउन्सेलर म्हणाला होता, ‘मॅडम, रोज एक तास दिला तरी पुरे.’ मी तेव्हा गणित केलं नाही, हिशेबाची माणूस असून. केंद्र सरकारच्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास धरले आहेत: शिकणं, वाचन, स्वाध्याय, परीक्षा सगळं धरून. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सोळा आठवड्यांत पसरला तर आठवड्याला साडेसात तास. आठ आठवड्यांत पंधरा. असे दोन विषय एका वेळी, म्हणजे आठवड्याला तीस तास. रोजचे चार तासांहून जास्त, रविवारसुद्धा. हा पूर्णवेळ विद्यार्थ्याचा अभ्यास झाला, आणि तो ‘नोकरी सांभाळून’ या नावाखाली विकला जातो.

माझी मावसबहीण अमेरिकेत टेक्सासला कम्युनिटी कॉलेजात (तिथलं दोन वर्षांच्या पदवीचं स्थानिक कॉलेज) शिकते. तिच्याकडे आठ आठवड्यांचे कोर्स नेहमीचेच आहेत, उन्हाळ्यात तर पाच आठवड्यांचेही असतात. तिला मी वैतागून विचारलं, तुम्ही हे करता कसं? तिने सांगितलं ते ऐकून माझे डोळे उघडले. तिथे तीन क्रेडिटचा विषय म्हणजे वर्गातले साधारण ४५ तास आणि घरचे त्याच्या दुप्पट, मिळून १३५. आठ आठवड्यांत बसवला तर आठवड्याला सतरा तास. ही गोष्ट तिथे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. तिच्याच राज्यातल्या ओडेसा कॉलेजने २०१४ पासून बहुतेक कोर्स आठ आठवड्यांचे केले. त्यामागचा विचार असा की पूर्णवेळ विद्यार्थ्याने एका वेळी चार विषय ओढण्यापेक्षा दोनच घ्यावेत, ते संपवावेत, मग पुढचे दोन. मध्येच घरात आजारपण आलं किंवा नोकरी बदलली तर दोन विषय जातात, चार जात नाहीत. हे मला पटलं. पण ते दोन विषय पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी आहेत. मावसबहीण स्वतः दुकानात काम करते, म्हणून ती एकच घेते. आमच्याकडे पूर्णवेळाचा साचा उचलला आणि नोकरीवाल्यांच्या गळ्यात घातला.

नोव्हेंबरमधल्या रात्री मी विसरणार नाही. सासूबाई पाणी प्यायला उठल्या की दारातून विचारायच्या, ‘काय करायलीस गं अजून? दोन वाजायलेत.’ सकाळी साडेआठला काट्यावर हजर. अशा झोपेत संख्याशास्त्र डोक्यात शिरत नाही, नुसतं डोळ्यांसमोरून जातं. क्विझमध्ये गुण पडत होते, कारण पद्धत पाठ होती.

मग संख्याशास्त्राची परीक्षा. डिसेंबरचा पहिला आठवडा, घरूनच, कॅमेऱ्यासमोर, खोलीत दुसरं कुणी नको. चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली. लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी वीस मिनिटांची. मोबाइलचं नेट जोडेपर्यंत परीक्षा बंद झाली आणि पडद्यावर ‘अनुपस्थित’. दुसऱ्या दिवशी मेल: पुनर्परीक्षेचं शुल्क १,५०० रुपये.

हे १,५०० मी भरणार नव्हते. वीज कंपनीचा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याचा मेसेज मोबाइलवर होता, वेळेसकट. तो जोडून मेल केला. उत्तर, अर्थातच, ४८ कामकाजाच्या तासांत. तिसऱ्या मेलनंतर त्यांनी लिहिलं की नियमपुस्तिकेप्रमाणे शुल्क लागेल. म्हणून मी नियमपुस्तिका उतरवून घेतली आणि दोन रात्री बसून सगळी वाचली. आपल्यातलं कुणी ती वाचत नाही, मीही ॲडमिशनला वाचली नव्हती. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, तांत्रिक कारणाने परीक्षेत खंड पडल्याचा पुरावा ७२ तासांत दिला तर पुनर्परीक्षा विनाशुल्क. मी दुसऱ्याच दिवशी दिला होता. आणि दुसरी, तिच्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे: विद्यार्थ्याला एका सत्रात एकच विषय घेता येतो, डिप्लोमा दुप्पट मुदतीत पूर्ण करता येतो, जादा फी नाही. हे मला काउन्सेलरने सांगितलं नाही, पोर्टलवर कुठे दिसलं नाही. पान नंबरासकट मेल टाकला तेव्हा तीन दिवसांत पुनर्परीक्षा मंजूर झाली. जानेवारीची तारीख मिळाली.

या मधल्या महिन्यात जे झालं त्याने माझं मत पुन्हा बदललं. प्रेसमधून निघालेल्या गाठींची वजनं मी रजिस्टरला चढवत होते. गाठ साधारण १७० किलोची धरतात, पण दोन-चार किलो इकडेतिकडे होतंच. तपासणीसाठी पाच गाठी काढल्या होत्या: १६८, १७१, १६६, १७३, आणि पाचव्या आकड्यावर चहाचा थेंब पडून तो पुसट झालेला. खाली सरासरी लिहिली होती, १६९. मी सहज काढलं: पाचांची बेरीज ८४५ हवी, चारांची ६७८, म्हणजे पाचवी १६७. पेन हातातच राहिलं. सरासरी ठरली की चारच वजनं मोकळी. पाचवं वजन बांधलेलं असतं. सरासरीपासूनचे फरक मांडून बघितले: एक कमी, दोन जास्त, तीन कमी, चार जास्त, दोन कमी. बेरीज शून्य. ती शून्यच येणार, कारण सरासरी याच पाचांतून काढली. म्हणजे माहिती चारच फरकांची आहे, म्हणून चारने भागायचं. या फरकांच्या वर्गांची बेरीज ३४. पाचने भागून मूळ काढलं तर २.६ किलो, चारने भागून २.९. सगळ्या लॉटमधला खरा फरक अशा पाचांत सहसा थोडा कमीच दिसतो, ती कसर तो वजा केलेला एक भरून काढतो. ऑक्टोबरमध्ये विचारलेल्या शंकेचं उत्तर मला डिसेंबरच्या शेवटी आमच्याच रजिस्टरमध्ये मिळालं.

आठ आठवड्यांचा कोर्स मला अकराव्या-बाराव्या आठवड्यात कळला. लाइट गेली नसती तर पहिल्या परीक्षेत पाठांतरावर चाळीसच्या आसपास गुण घेऊन मी मोकळी झाले असते आणि हे कधीच कळलं नसतं. जानेवारीत ७० पैकी ६१ मिळाले. गुणांपेक्षा मला आनंद याचा आहे की आता कुणी नमुना काढला की मी विचारते, किती गाठींचा?

जानेवारीपासून मी एका सत्रात एकच विषय घेते. तेच विद्यापीठ, तेच व्हिडिओ, तेच आठ आठवडे, पण कोर्स वेगळाच वाटतो. आठवड्याला पंधरा तास म्हणजे रोजचे दोन, रविवारी तीन. एखादा विषय चार महिने रेंगाळला की मी सुरुवातीचं विसरते, इथे तसं होत नाही, सगळं ताजं राहतं. एप्रिलच्या सत्रात शनिवारी थेट तास घेणाऱ्या मॅडम भेटल्या, त्या प्रत्येकाच्या शंका नाव घेऊन सोडवायच्या. त्या चर्चामंचाची वाट बघायला लावत नव्हत्या. म्हणजे माणूस नेमला तर हे होऊ शकतं. मग हे प्रत्येक विषयाला का नाही, हा माझा प्रश्न कायम आहे.

पैशाचं म्हणाल तर आधी एनपीटीईएलचा (आयआयटींचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) एखादा आठ आठवड्यांचा कोर्स करून बघा. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर १,००० रुपये. मी दोन वर्षांपूर्वी केला होता. तिथे असाइनमेंटला २५ टक्के वजन आणि आठपैकी उत्तम सहांचेच गुण धरतात. घरात लग्न असो, शेतात काढणी असो, दोन आठवडे चुकले तरी माणूस बाद होत नाही. आमच्या डिप्लोमात एक क्विझ चुकली की चुकली. ४२,००० घेणाऱ्याने एवढी सवलत द्यायला हरकत नव्हती. आठ आठवड्यांचा वेग आपल्याला झेपतो का, हे हजार रुपयांत कळतं.

ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं: काउन्सेलरला फोनवर नको, मेलवर विचारा की एका सत्रात एक विषय घेता येईल का, आणि शंकेला किती ‘दिवस’ लागतात. तास म्हणाला तर दिवसांत लिहून मागा. क्रेडिट एबीसी आयडीला (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं आपलं खातं) जमा झाले का ते डिजिलॉकरमध्ये स्वतः बघा, माझे पहिल्या सत्राचे उशिरा आले. परीक्षेच्या दिवशी शेजारच्यांचा इन्व्हर्टर मागून ठेवा. आणि नोव्हेंबरात ज्यांच्याकडे कापूस असतो त्यांनी ऑक्टोबरचं सत्र घेऊच नये.

एका वेळी दोन विषय असतील तर दोन तारे, एकच असेल तर चार. पाचवा तारा शंकेच्या उत्तरासाठी राखून ठेवला आहे. माझा सातवा विषय जूनमध्ये सुरू झाला, आठवा कापूस यायच्या आत संपवायचा आहे. सोमवारी चर्चामंचावर एक शंका टाकली होती. आज शुक्रवार, अजून ती तशीच आहे.