कोकणातल्या घरासाठी एचआरव्ही, ईआरव्ही की नुसता डिह्युमिडिफायर?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नवीन बंगल्यांना आणि फ्लॅटना आता घट्ट बसणाऱ्या यूपीव्हीसी खिडक्या असतात आणि प्रत्येक बेडरूमला एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. दोन माणसं दार लावून झोपली की पहाटेपर्यंत खोलीतला कार्बन डायऑक्साइड 1500 ते 2000 पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) सहज जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. सकाळी डोकं जड होतं ते बहुधा त्यामुळे. मग कोणीतरी 'हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन' (एचआरव्ही) सुचवतं. यंत्र चांगलं आहे, पण ते थंड देशांसाठी घडलं: बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची ऊब आत येणाऱ्या गार हवेला द्यायची. कोकणात अडचण उष्णतेची कमी आणि ओलीची जास्त आहे. निवड इथेच ठरते: एचआरव्ही फक्त उष्णतेची देवघेव करतं, ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेशन) उष्णतेबरोबर ओलीचीही, आणि डिह्युमिडिफायर आतल्या हवेतलं पाणी काढतो.

त्याआधी एक चाळणी. घर कौलारू असेल, किंवा एसी फक्त मे महिन्यात दुपारी लागत असेल, तर यातलं कुठलंच रिकव्हरी यंत्र घेऊ नका. आतली आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच असेल तर परत मिळवायला काही उरतच नाही. कौलांच्या फटींतून जितकी हवा खेळते तितकी हे यंत्र दिवसभर चालून देणार नाही. खालचं सगळं स्लॅबच्या, बंद होणाऱ्या आणि रोज आठ-दहा तास एसी चालणाऱ्या घरासाठी आहे.

आकडे काय सांगतात

800 चौरस फुटांचा टू बीएचके घ्या. घराला किती ताजी हवा लागते ते सांगणाऱ्या अमेरिकेतल्या ॲशरे 62.2 या मानकाचं सूत्र वापरलं (क्षेत्रफळ चौरस फुटांत गुणिले 0.03, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून गुणिले 7.5) तर 46.5 सीएफएम (मिनिटाला घनफूट) येतात, म्हणजे तासाला साधारण 80 घनमीटर ताजी हवा. जुलैतली बाहेरची हवा 28 अंश, आर्द्रता 90 टक्के धरू. आत 25 अंश आणि 55 टक्के. बाहेरच्या एक किलो हवेत सुमारे 21.6 ग्रॅम पाणी, आतल्या हवेत 10.9. म्हणजे ताज्या हवेबरोबर तासाला जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात येतं. दिवसाला दीड घागर.

ते काढायला एसीला सुमारे 670 वॅटइतकं थंडावण्याचं काम पडतं. आणि 28 ची हवा 25 ला आणायला? फक्त 80 वॅट. एचआरव्ही वाचवतं ते या 80 मधलं, ईआरव्ही दोन्हीमधलं.

| पर्याय | तासाला आत येणारं पाणी | यंत्राची वीज | एसीची वाचणारी वीज |
|---|---|---|---|
| फिल्टर लावलेला साधा फ्रेश एअर पंखा | 1 लिटर | 15–25 वॅट | काही नाही |
| एचआरव्ही (80 टक्के उष्णता) | जवळपास 1 लिटर | 30–50 वॅट | सुमारे 20 वॅट |
| ईआरव्ही (60 टक्के ओल) | 400 मिली | 30–50 वॅट | सुमारे 150 वॅट |

(एसी एक युनिट विजेत तीन युनिटांचं थंडावण्याचं काम करतो असं धरलं आहे.)

म्हणजे पावसाळ्यात एचआरव्ही जितकी वीज खातं तितकीही वाचवत नाही. ईआरव्हीतही निव्वळ शंभरेक वॅट सुटतात, तेही एसी चालू असेल तेव्हाच. वीजबिलातून यंत्राचे पैसे वसूल होतील असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हेच गणित मांडायला सांगा. घ्यायचं ते ताज्या, गाळलेल्या हवेसाठी आणि एसीवरचा ओलीचा भार कमी करण्यासाठी.

एचआरव्ही इथे का नको

वीज न वाचणं हे एक. दुसरं कारण कोअरमध्ये, म्हणजे दोन्ही हवा न मिसळता शेजारून जातात त्या यंत्राच्या गाभ्यात, दडलेलं आहे. 28 अंश आणि 90 टक्के हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं) 26 अंशांच्या जरा वर असतो. कोअरमध्ये ती हवा साडेपंचविसाच्या घरात जाते, म्हणजे पाणी सुटतं ते आत येणाऱ्या हवेच्या बाजूला. थंड देशांसाठी बनवलेल्या अनेक यंत्रांत पाण्याचा ट्रे मात्र बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूला असतो, कारण तिकडे पाणी तिथे सुटतं. इथे ते ट्रेऐवजी इन्सुलेशनमध्ये मुरतं आणि गौरी-गणपतीपर्यंत जाळीतून कुबट वास यायला लागतो. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असलेला कोअर असेल तर खारं वारं त्याला फार काळ सुखाने राहू देत नाही.

भिंतीत बसणाऱ्या, सिरॅमिक कोअरच्या एका खोलीच्या यंत्रांचंही तसंच. ती मिनिटभर हवा बाहेर फेकतात, मग मिनिटभर आत ओढतात. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडणं सोपं, म्हणून मोह होतो. पण समुद्राकडून सरळ वारा आला की त्या छोट्या पंख्याचं काही चालत नाही, आणि झड थेट आत येते. आडोशाच्या, पूर्वेकडच्या भिंतीवर ठीक. पश्चिमेला अजिबात नको.

ईआरव्ही बसवायचं ठरलं तर

कोअर पॉलिमर मेम्ब्रेनचा (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा) मागा. कागदी कोअर स्वस्त पडतो आणि ओल चांगली अडवतो, पण धुता येत नाही. फक्त व्हॅक्यूम करता येतो. इथल्या हवेत धुता येणं महत्त्वाचं.

जागा आतल्या पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये, झाकण पूर्ण उघडेल अशी. कोअर बाहेर ओढायला जागा ठेवली नाही तर तो कधीच साफ होत नाही, हा सगळ्यात सर्रास घोळ. मुख्य पाइप 160 मिलिमीटर, खोल्यांना 110 मिलिमीटर पीव्हीसी चालतो. तो गंजत नाही आणि तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतो. सरळ ठेवा, काटकोनी बेंडऐवजी दोन 45 अंशांचे घ्या. भिंतीतून जाणाऱ्या पाइपाला बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार, म्हणजे झडीचं पाणी आत येणार नाही.

हवा घेण्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण पावसाळी वारा नैऋत्येचा. फेकण्याचं तोंड त्यापासून किमान तीन मीटर लांब. सेप्टिक टँकचा व्हेंट, चूल आणि पाणी तापवायच्या बंबाचा धूर हे सगळं घेण्याच्या तोंडापासून दूर हवं. हूड आणि स्क्रू 316 स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ 304 प्रतीच्या स्टीलवर तांबूस डाग पडतात, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) तर लवकरच झडायला लागतो. जाळी लावाच, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घरटं करून पाइप बुजवते आणि पाली मुक्कामाला येतात. जाळी मात्र फार बारीक नको, ती मिठाने आणि धुळीने चोंदते.

इन्सुलेशनवर काटकसर करू नका. एसीच्या खोलीतून जाणाऱ्या बाहेरच्या हवेच्या पाइपाला आतून घाम येतो. माळ्यावरून जाणाऱ्या गार हवेच्या पाइपाला बाहेरून. दोन्हींना 19 मिलिमीटरचं नायट्रिल रबर लावा, सांधे चिकटवून वर टेप. एक सांधा उघडा राहिला तरी त्याच्या खालच्या पीओपीवर पिवळा डाग उमटतो.

ट्रेच्या पाइपाला किमान 50 मिलिमीटर खोल ट्रॅप (पाणी साठून राहणारा यू आकाराचा बाक) द्या. पंखा ओढत असताना ट्रॅप नसेल तर पाणी खाली उतरतच नाही, ट्रेमध्ये साठतं. एप्रिल-मेमध्ये ट्रॅप सुकतो आणि गटाराचा वास घरात शिरतो, म्हणून पहिल्या पावसाआधी त्यात तांब्याभर पाणी ओता.

स्वयंपाकघराची चिमणी ईआरव्हीला जोडू नका. बांगडे तळल्याचं तेल कोअरवर बसलं की तो गेला. न्हाणीघराला वेगळा, बंद होणाऱ्या झडपेचा एक्झॉस्ट द्या. घरात गॅस गिझर असेल तर हे नीट वाचा: चिमणी आणि एक्झॉस्ट मिळून घट्ट बंद घरात ओढ तयार करतात आणि गिझरचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसकट, उलटा आत येऊ शकतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवा.

शेवटी बॅलन्सिंग, म्हणजे येणारी आणि जाणारी हवा जुळवणं. प्रत्येक जाळीवर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरून मोजायला लावा. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा पाच ते दहा टक्के जास्त ठेवा, म्हणजे दाराच्या फटींतून दमट हवा आत ओढली जात नाही. मोजमापाचा कागद न देता पैसे मागणाऱ्याला थांबवा.

डिह्युमिडिफायर कुठे सरस

ईआरव्ही ओल कमी आत येऊ देतं, असलेली ओल काढत नाही. एसी बंद असताना ते कोरडेपणा देऊ शकत नाही. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी, पुस्तकांचे पुठ्ठे फुगलेले, भिंतीला पोपडे, ही तक्रार असेल तर आधी भिंतीतून पाणी येतंय का ते बघा आणि मग डिह्युमिडिफायर घ्या. कॉम्प्रेसरचा घ्या, रोटरवाला (ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचा) थंड हवेसाठी. खोक्यावरचे दिवसाला '20 लिटर' बहुधा 30 अंश आणि 80 टक्क्यांवर मोजलेले असतात. खोली 60 टक्क्यांवर आली की त्याच्या निम्मेच समजा. तो खोली तापवतो, हे आधीच ध्यानात घ्या.

एसीचा ड्राय मोड त्याला पर्याय आहे का? अर्धवट. तापमान गाठलं की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. आणि 20-22 अंशांवर खोली ठेवली तर काचा बाहेरून धुरकटतात, शेजारच्या विनाएसी खोलीतल्या भिंतीला ओल धरते. 25-26 वर ठेवा.

जून ते गणपती कुलूप असलेल्या चाकरमान्यांच्या घरात ईआरव्ही चालू सोडणं म्हणजे तीन महिने पाऊस आत घेणं. तिथे डिह्युमिडिफायर, 60-65 टक्क्यांवर लावलेला, पाइप थेट मोरीत सोडलेला (बादली भरली की तो बंद पडतो) आणि वीज गेली-आली की आपोआप सुरू होणारा. पावसात वीज जाणारच. बटण दाबावं लागणारं मॉडेल पहिल्याच वादळात झोपतं.

देखभाल

ईआरव्हीचा जाड फिल्टर, म्हणजे जी4, पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी, एरवी महिन्याने गोड्या पाण्यात धुवायचा आणि पूर्ण सुकवून लावायचा. एक जास्तीचा सेट ठेवा. कारण मीठ. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, म्हणजे जून ते सप्टेंबर फिल्टर सुकतच नाही आणि हवा घटते. बारीक एफ7 फिल्टर धुवू नका, बदला. कोअर वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीच्या सुमारास, कंपनी सांगेल तशा कोमट पाण्यात. हूड आणि जाळी गोड्या पाण्याने महिन्याला. डिसेंबर-जानेवारीत रात्री उत्तरेचं कोरडं वारं असतं, तेव्हा यंत्र बंद करून खिडक्या उघडा.

सप्लाय लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवा. चाळीस-पन्नास वॅटचं यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं; बंद पडल्यावर वारा पाइपातून उलटा येऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना बॅकड्राफ्ट डँपर (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा.

कोटेशन मागताना मॉडेलबरोबर कोअरचा प्रकार, ओलीची कार्यक्षमता (नुसती उष्णतेची नव्हे), 80 घनमीटर हवेला लागणारे वॅट, इन्सुलेशनची जाडी आणि सुटा कोअर-फिल्टर किती दिवसांत मिळेल हे लेखी घ्या. उत्तरात ओलीचा आकडा नसेल तर ते यंत्र एचआरव्ही आहे असं समजा.