मुघल-ए-आझम: मूळ कृष्णधवल की रंगवलेला?

'मुघल-ए-आझम' बघायचं ठरलं की आधी आवृत्ती ठरवावी लागते. एक १९६० सालची मूळ, बरीचशी कृष्णधवल. दुसरी संगणकावर रंगवून २००४ साली पुन्हा चित्रपटगृहांत आणलेली. गोष्ट, नट आणि गाजलेले संवाद सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यात शिरत नाही. हाताशी एकच मोकळी संध्याकाळ असेल तर कुठली लावायची, एवढाच प्रश्न आहे. माझा कल मूळ आवृत्तीकडे आहे. पण रंगीत आवृत्तीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे आणि काही घरांत तीच बरी पडेल.

सुरू करण्याआधी आपल्यासमोर नेमकी कुठली प्रत आहे ते बघून घ्या, कारण वेष्टनावर किंवा शीर्षकात ते दरवेळी नीट लिहिलेलं नसतं. सोपी खूण म्हणजे लांबी. मूळ चित्रपट १९७ मिनिटांचा, रंगीत १७७ मिनिटांचा. डीव्हीडी पाल पद्धतीची (भारत-युरोपातल्या टीव्हींसाठीची, सेकंदाला २५ फ्रेमची) असेल तर हेच आकडे अनुक्रमे १८९ आणि १७० च्या आसपास दिसतात. तिथे काही कापलेलं नसतं. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमच्या वेगाने चालवलेला असतो, म्हणून तो चार टक्के लवकर संपतो. त्या वेगाबरोबर आवाजाची पट्टीही वर सरकते, अर्धस्वरापेक्षा थोडी कमी. संवादांत हे कळत नाही, पण नौशादांची गाणी कानात बसलेल्या माणसाला लताबाईंचा आवाज किंचित बारीक लागतो. दुसरी खूण सुरुवातीची. मूल व्हावं म्हणून अकबर वाळवंटातून अनवाणी दर्ग्याकडे चालत जातो, तो भाग रंगीत दिसला तर प्रत २००४ ची.

रंगीत आवृत्तीचं काम मन लावून झालेलं आहे, हे मान्य करायला हवं. १७७ मिनिटं म्हणजे अडीच लाखांहून जास्त फ्रेम. त्या स्कॅन करायच्या, ओरखडे आणि डाग काढायचे, मग प्रत्येक वस्तूभोवती सीमारेषा आखून रंग भरायचे. मूळ निगेटिव्हची साफसफाई हा या खटाटोपाचा मोठा फायदा. युद्धाच्या प्रसंगांत आणि दरबाराच्या दूरच्या दृश्यांत चित्र इतकं स्थिर आणि स्वच्छ आहे, की मूळ आवृत्तीच्या एखाद्या घासलेल्या प्रतीनंतर ते लावलं तर डोळ्यांना आराम वाटतो. तंबू, निशाणं, हत्तींच्या झुली या ठिकाणी रंग चांगला बसतो, कारण पृष्ठभाग मोठे असतात आणि कडा ठळक.

अडचण जवळच्या दृश्यांत येते, आणि ती का येते हे समजून घेण्यासारखं आहे. रंगवण्याच्या तंत्रात मूळ चित्राचा उजेड आणि अंधार मुख्यतः तसाच राहतो, त्यावर रंगाचा थर चढतो. फार उजळ जागी रंगाला जागाच उरत नाही आणि फार काळोख्या जागी तो दिसत नाही. मग सगळा रंग मधल्या करड्या छटांत गोळा होतो. त्वचेचं नेमकं तेच होतं. खऱ्या त्वचेवर गाल, कानाची पाळी, डोळ्यांखालची जागा यांचे रंग वेगवेगळे असतात. रंगवलेल्या चेहऱ्यावर एकाच रंगाच्या फिकट आणि गडद छटा असतात, म्हणून चेहरा जरा मेणाचा वाटतो. सुटे केस, झिरझिरीत ओढणी आणि मोत्यांच्या लडी यांच्या कडा इतक्या बारीक असतात की तिथे सीमारेषा आखणं फार कठीण. ओढणीचा रंग मानेवर उतरतो किंवा केसांच्या टोकाशी मागच्या भिंतीचा रंग चिकटतो.

तानसेनाचं गाणं चालू असताना सलीम पिसाने अनारकलीच्या चेहऱ्याला स्पर्श करतो, तो प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ लावून बघा. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी तिथे सगळी मदार प्रकाशावर ठेवली आहे. मधुबालाचा चेहरा, पांढरं पीस आणि मागचा अंधार यांच्यात फरक आहे तो फक्त उजळपणाचा. पिसाची कड गालावरून सरकते तेव्हा नजर तिच्याच मागे जाते, कारण चौकटीत हलणारी आणि उजळ अशी तेवढीच एक गोष्ट असते. रंग आला की ओठ, दागिने, कपडे सगळेच लक्ष मागू लागतात आणि पीस त्या गर्दीत एक वस्तू होऊन जातं. पुतळ्याच्या प्रसंगाचंही तसंच. सलीमच्या बाणाने पडदा गळून पडतो आणि समोर संगमरवर आहे की जिवंत मुलगी, हा संभ्रम हवा असतो. करड्या छटांत दगड आणि त्वचा शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे तो आपोआप निर्माण होतो. रंगवणाऱ्याला मात्र त्वचेचा रंग द्यायचा की दगडाचा, हे आधीच ठरवावं लागतं.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल. तराजू कलतो तो शीशमहालापाशी, म्हणजे आरशांनी मढवलेल्या दरबारातल्या नाचापाशी.

मूळ चित्रपट पूर्ण कृष्णधवल नाही, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सुमारे ८५ टक्के भाग कृष्णधवल आहे आणि १५ टक्के, म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास, खऱ्या टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत फिल्म-पद्धतीत, चित्रित केलेला आहे. शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडची रिळं रंगीत आहेत. काम वर्षानुवर्षं चाललं, मधल्या काळात रंगीत चित्रीकरण आवाक्यात आलं आणि दिग्दर्शक के. आसिफ यांना त्याचा परिणाम आवडला. पूर्ण चित्रपट नव्याने रंगीत काढायची त्यांची इच्छा होती, पण वितरक आणखी थांबायला तयार नव्हते, म्हणून ती राहून गेली. रंगीत आवृत्तीचे समर्थक हाच मुद्दा पुढे करतात की दिग्दर्शकालाच रंग हवा होता. मुद्दा खोटा नाही. पण लोकांसमोर जो चित्रपट आला, त्यात या अर्धवट रंगाने जे साधलं ते पूर्ण रंगाने साधलं नसतं.

प्रेक्षक बराच वेळ करड्या दरबारात बसलेला असतो. अकबर बोलतो, सगळे माना खाली घालतात, अनारकली कैदेतून सुटून येते. तिने सलीमला नाकारावं म्हणून तिला भर दरबारात नाचायला उभं केलं जातं, आणि ती बादशहाच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रेमाची कबुली देते. रंग येतो तो नेमका या जागी. मग छतावरच्या शेकडो आरशांत तिची छबी फिरू लागते आणि बादशहाला नजर वळवायला जागा उरत नाही. हा बदल कुठल्याही संवादापेक्षा मोठा आहे. रंगवलेल्या आवृत्तीत तो नाहीसाच होतो, कारण आधीपासून सगळंच रंगीत असतं. शीशमहाल तिथेही देखणा दिसतो, पण आधीच्या दालनासारखंच आणखी एक दालन म्हणून. उलट एक नवी खोट डोळ्यांवर येते. खरा टेक्निकलर आणि संगणकाने भरलेला रंग लागोपाठ आले की आधीचा रंग फिका होता हे अचानक कळतं.

शिवाय या सेटवर रंग मिळवणं सोपं नव्हतं. सुमारे १५० फूट लांब, ८० फूट रुंद आणि ३५ फूट उंच असा तो सेट मुंबईच्या मोहन स्टुडिओत उभा राहायला दोन वर्षं गेली, काचा बेल्जियमहून आणल्या. दिवे लावले की प्रत्येक काच झळकायची आणि चित्रीकरण अशक्य वाटायचं. शेवटी काचांवर मेणाचा पातळ थर देऊन चमक मारली आणि कापडाच्या पट्ट्यांवरून परतवलेला प्रकाश वापरला. एवढ्या कष्टाने मिळवलेला क्षण पुढच्या-मागच्या रंगांत विरून जावा, हे मला पटत नाही.

'टीव्हीवर रंग शून्य करा, रंगीत प्रतच कृष्णधवल होईल' असा एक तोडगा सुचवला जातो. त्याने काम होत नाही. टेक्निकलरचा भागही सोबत करडा होतो, गेलेली २० मिनिटं परत येत नाहीत आणि आवाजही नवाच राहतो.

आवाजाबद्दल मात्र मी ठाम नाही. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. रंगीत आवृत्तीसाठी नौशादांच्याच देखरेखीखाली, संगीतकार उत्तम सिंग यांच्या साथीने, गाण्यांचा वाद्यमेळ नव्याने वाजवून घेतला गेला आणि गायकांचे मूळ आवाज तसेच ठेवले. मोठे स्पीकर असतील तर कोरस आणि तालवाद्यं भरदार वाटतात, हे खरं. माझ्या कानाला खटकतं ते आवाज आणि वाद्यांमधलं अंतर. गळा १९६० च्या ध्वनिमुद्रणाचा, व्हायोलिनं आजच्या स्टुडिओची, आणि दोन्ही एकाच खोलीत आहेत असं वाटत नाही. 'प्यार किया तो डरना क्या'मध्ये घुमारा हाच गाण्याचा प्राण आहे, तिथे हे जास्त जाणवतं. ज्याला जुन्या मोनो ध्वनीतली खरखर सहन होत नाही त्याचं मत याच्या उलट असू शकतं.

मूळ आवृत्ती 'मळकट दिसते' अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगचा असतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवा, नाहीतर करड्या छटा निळसर होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद करा. दुसरी सोय फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला बारीक कणीदारपणा, पुसायला जाते आणि त्याबरोबर पिसाचे धागे आणि जरीकामही पुसते. शार्पनेस खाली आणा, पण काही टीव्हींवर तटस्थ जागा शून्यावर नसून मधोमध असते. अक्षरांभोवती पांढरी कड दिसेनाशी झाली की थांबा. ब्राइटनेस ठरवताना रात्रीच्या दृश्यातले काळे कपडे बघा. घड्या दिसायला हव्यात, काळं करडं दिसता कामा नये.

चौकटीचा आकारही तपासा. चित्रपट १.३७ ला १ या जुन्या मापाचा, म्हणून आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. तसे आले तर सगळं ठीक आहे. झूम करून पडदा भरलात तर उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो, आणि या चित्रपटात तो पाव भाग म्हणजे छत, झुंबरं आणि मुकुट. आवाजाचं कृत्रिम 'सराउंड' बंद ठेवा. मोनो ध्वनी एकाच बाजूने येत असेल तर टीव्हीच्या ध्वनीच्या पर्यायांत 'मोनो' निवडा.

तरीही रंगीत आवृत्ती कोणी निवडावी? घरात लहान मुलं असतील आणि कृष्णधवल म्हटलं की ती उठून जात असतील, तर ती जरूर लावा. त्यांच्यासाठी २० मिनिटं कमी असणं हाही फायदाच आहे. पाहुण्यांचा गोतावळा जमलाय, गप्पा चालू आहेत, गाण्यापुरतं सगळे थांबणार आहेत, अशा वेळीही ती बरी. मूळ आवृत्ती आधी बघून झालेल्याला युद्ध आणि दरबाराच्या भव्य दृश्यांसाठी रंगीत बघायला हरकत नाही. क्रम उलटा करणं मात्र शक्यतो टाळा, कारण शीशमहालाचा धक्का पहिल्या वेळीच पूर्ण लागतो.

याच धर्तीवर रंगवलेल्या इतर चित्रपटांना हा निकाल जसाच्या तसा लावू नये. 'नया दौर' १९५७ चा, रंगून २००७ मध्ये आला. तो मुळात संपूर्ण कृष्णधवल आहे, त्यामुळे रंगवल्याने कथेतला एखादा ठरवून ठेवलेला क्षण हरवत नाही. मोकळं रान, टांगे, गावगर्दी असली दृश्यं रंगाला मानवतातही. तिथे निवड आवडीनुसार करावी. १९६१ चा 'हम दोनो' २०११ मध्ये रंगीत झाला तेव्हा त्याला सिनेमास्कोपची रुंद चौकटही दिली गेली. जुन्या मापाचं चित्र तेवढं रुंद करायचं तर वरखाली मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास उंची सोडावी लागते. माझ्या दृष्टीने तिथे रंगापेक्षा चौकट हे मोठं कारण आहे, आणि म्हणून तिथेही मी मूळ आवृत्तीच शोधेन.

मूळ 'मुघल-ए-आझम' लावलात तर सव्वातीन तासांच्या बैठकीत मध्येच थांबावं लागेल. ती विश्रांती दरबारातल्या नाचाच्या बरीच आधी, निदान अर्धा तास, घ्या. खोलीतला मोठा दिवा लावून परत बसलात की डोळ्यांना करड्या छटांची सवय व्हायला पुन्हा वेळ लागतो, आणि तेवढ्यात शीशमहाल आला तर रंग आल्याचा धक्का निम्माच लागतो.